गिम्प हाताला बसत नाही तेव्हा: अडचण ओळखा, दूर करा आणि नीट कळवा

पत्रिका, फ्लेक्स, शाळेचं माहितीपत्रक, दुकानाच्या पाटीचा नमुना अशी कामं करणाऱ्या कितीतरी जणांनी गिम्प हे फोटो-चित्रांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर एकदा तरी उतरवून घेतलेलं असतं. थोडा वेळ खटपट होते. ब्रश फिरवला तरी काही उमटत नाही, सेव्ह केलेलं चित्र समोरच्याच्या मोबाइलवर उघडत नाही, आणि मग ‘फुकटचं आहे, असंच असणार’ म्हणत ते काढून टाकलं जातं. मला हा निवाडा घाईचा वाटतो. फोटो सुधारणं, रंग दुरुस्त करणं, पार्श्वभूमी काढणं या कामांना गिम्प पुरेसं समर्थ आहे. माणूस अडतो तो ते वापरताना, आणि अडण्याच्या जागा मोजक्या आहेत. त्या ओळखता आल्या तर बऱ्याचशा एका बैठकीत सुटतात.

हा लेख गिम्प 3.0 समोर ठेवून लिहिला आहे. ती आवृत्ती मार्च 2025मध्ये आली. अनेक संगणकांवर अजून 2.10 आहे, म्हणून फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. मेनूंची नावं इंग्रजीच ठेवली आहेत. इंटरनेटवरचे बहुतेक धडे त्याच नावांनी शिकवतात, त्यामुळे शिकताना तरी मेनू इंग्रजी असलेले बरे.

हे असं का झालं

स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी 1995मध्ये गिम्प लिहायला घेतलं. 1996पासून ते लोकांसमोर आहे. पुढे ज्याला जे लागलं ते त्याने जोडलं. सोय वाढत गेली, पण सगळ्या सोयी एकत्र कशा दिसाव्यात हे ठरवणारं कोणी फार काळ नव्हतं. टूलची खिडकी वेगळी, लेयरची (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांची) वेगळी, चित्राची वेगळी, असा पसारा अनेक वर्षं चालला. सगळं एकाच खिडकीत घेण्याची सोय 2012च्या 2.8 आवृत्तीत आली. 2006च्या सुमारास पीटर सिकिंग यांच्यासारखे आराखडातज्ज्ञ या कामात उतरले होते, पण कोड लिहिणारे हात थोडे आणि त्यांतले बहुतेक स्वयंसेवक. 2.10 एप्रिल 2018मध्ये आली आणि 3.0 यायला त्यानंतर जवळजवळ सात वर्षं लागली.

अशा अडचणी कायमच्या नसतात याचा पुरावा ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या मुक्त सॉफ्टवेअरने दिला. वस्तू निवडायला माउसचं उजवं बटण, ही त्याची जुनी रीत नवख्यांना पहिल्या मिनिटालाच गोंधळवायची. जुलै 2019च्या 2.80 आवृत्तीत डावं बटण हीच मूळ रीत झाली. ज्यांना जुनी हवी त्यांच्यासाठी ती सेटिंगमध्ये राहिली.

पायरी 1: अडचण कोणत्या जातीची आहे ते ठरवा

हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘गिम्प अवघड आहे’ या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि तिघींवर उपाय वेगळे आहेत.

पहिली सवयीची. हात फोटोशॉपच्या कळांवर बसलेला असतो आणि इथे त्याच कळा भलतंच करतात. दुसरी लपलेल्या स्थितीची. सॉफ्टवेअर एका विशिष्ट अवस्थेत असतं, पण ती अवस्था पडद्यावर ठळक दिसत नाही. तिसरी म्हणजे खरोखरची उणीव: ती गोष्ट त्यात नाहीच, किंवा आहे पण आडवळणाने.

काहीही अडलं की कागदावर एक ओळ लिहा: मी काय करायला गेलो आणि काय झालं. मग ती ओळ या तिघींपैकी कुठे बसते ते पाहा. सवयीची असेल तर कळा बदला, लपलेली स्थिती असेल तर ती पाहायला शिका, उणीव असेल तर दुसरं सॉफ्टवेअर घ्या. उणिवेशी दिवसभर झगडत बसणं हा वेळेचा सगळ्यात मोठा अपव्यय आहे.

पायरी 2: सवयीची अडचण – मांडणी आणि कळा

एडिट → प्रेफरन्सेस → इंटरफेस → टूलबॉक्समध्ये जा आणि ‘यूज टूल ग्रुप्स’वरची खूण काढा. 2020च्या 2.10.18पासून सारखी टूल एकाच चित्राखाली गटाने ठेवली जातात. जागा वाचते, पण नवख्याला अर्धी टूल दिसतच नाहीत. पडदा लहान नसेल तर सगळी उघडी ठेवा. चिन्हं बारीक दिसत असतील तर त्याच भागातल्या थीममधून आकार वाढवा. मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर हा एक बदल डोळ्यांचा बराच ताण वाचवतो.

आता कळा. फोटोशॉपवरून आलेल्या माणसाचं खरं नुकसान इथे होतं. तो सिलेक्शन (चित्राचा निवडलेला भाग) सोडायला कंट्रोल+डी दाबतो, गिम्प अख्ख्या चित्राची दुसरी प्रत उघडतं. तो लेयरची प्रत करायला कंट्रोल+जे दाबतो, इथे त्याने फक्त खिडकीचा आकार बदलतो. सगळ्यात घातक कंट्रोल+टी. फोटोशॉपमध्ये त्याने आकार बदलायची चौकट येते. गिम्पमध्ये त्याच कळांनी सिलेक्शनची हलती तुटक रेघ अदृश्य होते. सिलेक्शन मात्र तसंच चालू राहतं. पुढे ब्रश चालेनासा झाला की कारण सापडत नाही, कारण खुणेची रेघच गेलेली असते.

उपाय: एडिट → कीबोर्ड शॉर्टकट्स उघडा. शोधाच्या चौकटीत ‘सिलेक्ट नन’चा ‘नन’ लिहा, ती ओळ निवडा, कंट्रोल+डी दाबा. या कळा आधीच दुसऱ्या कामाला आहेत असं गिम्प सांगेल, बदलाला होकार द्या. त्याच रीतीने कंट्रोल+जे ‘डुप्लिकेट लेयर’ला आणि कंट्रोल+टी ‘युनिफाइड ट्रान्सफॉर्म’ला द्या. पहिल्या दिवशी या तीनच बदला. पन्नास कळा एकदम बदलल्या तर धड्यात सांगितलेलं आणि तुमच्याकडचं कधीच जुळणार नाही.

एक कळ मात्र आहे तशीच पाठ करा: तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश. ती दाबली की शोधाची चौकट उघडते. कोणत्याही आज्ञेचं नाव लिहा, ती समोर येते. मेनू कुठे आहे हे लक्षात ठेवायची गरजच कमी होते. गिम्पमधली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली सोय मी हीच म्हणेन.

डाव्या-उजव्या बाजूचे फलक एकदम गायब झाले तर टॅब पुन्हा दाबा, चुकून तीच दाबली गेली असते. एखादाच फलक बंद झाला असेल तर विंडोज → रिसेंटली क्लोज्ड डॉक्समधून परत आणा. मांडणी मनासारखी झाली की प्रेफरन्सेसमधल्या विंडो मॅनेजमेंटमध्ये ‘सेव्ह विंडो पोझिशन्स नाऊ’ दाबा.

पायरी 3: लपलेली स्थिती – ब्रश फिरतो, पण उमटत नाही

माझ्या मते नवख्याला गिम्पपासून तोडणारी अडचण हीच. कारणं पाच-सहा असू शकतात आणि सगळ्यांचं लक्षण एकच दिसतं. म्हणून क्रमाने तपासा.

पहिल्यांदा शिफ्ट+कंट्रोल+ए दाबा. कुठेतरी कोपऱ्यात नखाएवढं सिलेक्शन राहिलेलं असलं तर ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो. तरी उमटत नसेल तर लेयरच्या फलकाकडे पाहा: उजळलेला लेयर तुम्हाला हवा तोच आहे का, की वर दुसरा लेयर असल्यामुळे खालचं झाकलं जातंय? लेयरला मास्क (त्याचा काही भाग झाकणारा पडदा) असेल तर उजळलेली चौकट चित्राची आहे की मास्कची? मास्कवर रंगवलं तर रंग दिसत नाही, चित्राचा भाग दिसेनासा होतो किंवा परत दिसू लागतो. मग फलकावरची कुलपाची चिन्हं पाहा. अल्फा, म्हणजे पारदर्शकता, कुलूपबंद असेल तर पारदर्शक भागावर काही लागत नाही. शेवटी टूलच्या पर्यायांमध्ये ऑपॅसिटी (रंगाचा गडदपणा) आणि मोड (रंग खालच्या चित्रात कसा मिसळतो ते) बघा. शंका असेल तर फलकाच्या तळाशी मूळ पर्याय परत आणणारं बटण आहे, ते दाबा.

ब्रश एका ठरावीक रेषेपाशी थांबत असेल तर कारण वेगळं. गिम्पमध्ये प्रत्येक लेयरला स्वतःची हद्द असते, चित्रावर तुटक रेघेने ती दिसते. तिच्या बाहेर रंग जात नाही. लेयर → लेयर टू इमेज साइज केलं की हद्द चित्राएवढी होते. 3.0मध्ये ब्रशच्या पर्यायांत ‘एक्स्पांड लेयर्स’ आहे. त्यावर खूण केली की रंगवताना लेयर आपोआप वाढतो.

या सगळ्यात एक सवय लावून घ्या: खिडकीच्या तळाची पट्टी वाचायची. लेयर कुलूपबंद आहे किंवा लेयरच्या गटावर रंगवता येत नाही, असं गिम्प तिथे सांगतं. सांगण्याची जागा चुकली आहे हे खरं. नजर ब्रशच्या टोकावर असते आणि निरोप तळाशी चमकून जातो.

खोडरबर पारदर्शक करण्याऐवजी पांढरं करत असेल तर चित्र जेपेगमधून आलं आहे आणि त्याला पारदर्शकता साठवायची जागाच नाही. लेयर → ट्रान्सपरन्सी → अ‍ॅड अल्फा चॅनेल. चिकटवलेल्या तुकड्याचं ‘फ्लोटिंग सिलेक्शन’ होऊन सगळं अडणं हा 2.10मधला ताप. तिथे शिफ्ट+कंट्रोल+एन दाबून त्याचा लेयर करायचा. 3.0मध्ये चिकटवलेलं सरळ नव्या लेयरवर येतं.

सेव्ह आणि एक्स्पोर्ट हा वाद 2.8पासूनचा आहे. कंट्रोल+एस फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ रूपात साठवतं, जेपेग किंवा पीएनजीसाठी शिफ्ट+कंट्रोल+ई. यामागचा विचार मला पटतो: लेयर असलेली मूळ फाइल आणि लोकांना द्यायची चपटी फाइल यांची गल्लत झाली की काम कायमचं हातातून जातं. पण एकच फोटो कापून परत ठेवायचा असेल तर ही रीत जाचते. त्यासाठी फाइल मेनूतलं ‘ओव्हरराइट’ वापरा. उघडलेल्या जेपेगवरच ते लिहितं. बंद करताना गिम्प तरीही ‘सेव्ह केलेलं नाही’ म्हणून अडवेल, पण त्याच निरोपात चित्र कुठे एक्स्पोर्ट झालं आहे तेही लिहिलेलं असतं. ते वाचा आणि निर्धास्त बंद करा.

पायरी 4: देवनागरी मजकूर

आपल्याकडे हा वेगळा भाग लिहावाच लागतो. गिम्प आणि इंकस्केप (रेषा-आकृत्यांचं मोफत सॉफ्टवेअर) दोन्ही युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखी चालणारी, देवनागरी नीट जुळवतात. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जागेवर बसतात. अडतं ते जुन्या डीटीपीच्या फायलींशी. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो, इथे आणला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. हा गिम्पचा दोष नव्हे. मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोड करून घ्या, मग मुक्त, बालू किंवा नोटो सॅन्स देवनागरी असा मुक्त परवान्याचा फॉन्ट लावा.

टेक्स्ट टूलच्या पर्यायांत तळाशी ‘लँग्वेज’ अशी चौकट आहे. तिथे मराठी निवडा. काही फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी ठेवलेली असतात. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणं येतात. पत्रिकेवरच्या नावात ‘ल’ परका दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

अक्षरांतली जागा वाढवू नका, शिरोरेघ तुटते. अक्षराचा आकार बदलताना एक गुंता होतो. बाजूच्या पर्यायांतला आकार साऱ्या मजकुराला लागतो, पण चित्रावर तरंगणाऱ्या पट्टीतून दिलेला आकार फक्त निवडलेल्या अक्षरांना लागतो आणि नंतर बाजूच्या पर्यायांना जुमानत नाही. आकडा बदलूनही अक्षर हलत नसेल तर मजकूर निवडून तरंगत्या पट्टीतलं शैली पुसायचं बटण दाबा. अक्षराला बाहेरून कड द्यायची असेल तर 3.0मध्ये टेक्स्टच्या पर्यायांतच ‘आउटलाइन’ची शैली आहे, मजकूर पुढेही बदलता येतो. 2.10मध्ये त्यासाठी सिलेक्शन वाढवून खालच्या लेयरवर रंग भरावा लागतो.

पायरी 5: खरी उणीव असेल तिथे दुसरं साधन

गिम्प 3.0मध्येही चौकोन किंवा वर्तुळ काढायचं स्वतंत्र टूल नाही. इलिप्स सिलेक्ट करून एडिट → स्ट्रोक सिलेक्शन हा आडमार्ग चालतो, पण नंतर वर्तुळ मोठं करायचं म्हटलं की कड फाटते. लोगो, पाटी, फ्लेक्स ही कामं इंकस्केपची.

हिशेबच पाहा. 10 फूट × 6 फुटांचा फ्लेक्स इंचाला 72 पिक्सेल धरला तरी 8640 × 5184 पिक्सेल होतो. गिम्पमध्ये 8-बिटला एकेका पूर्ण लेयरला साधारण 180 एमबी लागतात, आणि दहा लेयर झाले की साधा संगणक दमतो. इंकस्केपमध्ये आकृत्या सूत्रांनी साठवलेल्या असतात, त्यामुळे आकार कितीही मोठा केला तरी फाइल फुगत नाही. फोटो गिम्पमध्ये स्वच्छ करा, मांडणी इंकस्केपमध्ये करा.

तिथेही लपलेली स्थिती आहेच. आकृती लहान-मोठी केली की कधी रेघेची जाडी बदलते, कधी नाही. निवडीचं टूल हातात असताना वरच्या पट्टीच्या टोकाला चार छोटी बटणं असतात. रेघेची जाडी आणि कोपऱ्यांची गोलाई आकृतीबरोबर बदलायची का ते ती ठरवतात. कुणाचंही लक्ष तिकडे जात नाही. छपाईला देण्याआधी फाइलची प्रत काढा, प्रतीतला मजकूर निवडा आणि पाथ → ऑब्जेक्ट टू पाथ करा. अक्षरांच्या आकृत्या होतात, मग प्रेसवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी मात्रा हलत नाहीत. मूळ फाइल तशीच ठेवा, कारण आकृती झालेला मजकूर पुन्हा टाइप करता येत नाही.

प्रेसने सीएमवायकेची (छपाईच्या चार शाईंच्या रंगांची) पीडीएफ मागितली किंवा पानं बरीच असतील तर स्क्रायबस हे पानं मांडायचं मोफत सॉफ्टवेअर. जुन्या 1.4 आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं मोडतात, म्हणून 2024मध्ये आलेली 1.6च घ्या.

पायरी 6: दुसऱ्याला वापरताना पाहा

इथवरचं सगळं आपल्या सोयीसाठी झालं. पण ही सॉफ्टवेअर आपलीही आहेत, आणि वापरसुलभता सुधारायला कोड यावाच लागत नाही. नीट पाहिलेली अडचण हेसुद्धा मोलाचं योगदान आहे.

गिम्प न वापरलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला बसवा. एकच नेमकं काम द्या: ‘या फोटोवर तुमचं नाव लिहा आणि तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.’ कोणतं बटण दाबायचं ते सांगू नका. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायची विनंती करा. परवानगी घेऊन पडदा रेकॉर्ड करा. तुम्ही गप्प बसायचं, हेच या पायरीतलं सगळ्यात कठीण. माणूस अडला की मदतीला हात आपोआप पुढे जातो, पण तो नेमका कुठे आणि काय समजून अडला हेच तर तुम्हाला हवं असतं. त्याने कोणत्या मेनूत आधी शोधलं ते जरूर टिपा, कारण ती गोष्ट कुठे असायला हवी होती याचा तो पुरावा असतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचं या विषयातलं प्रसिद्ध म्हणणं आहे की पाच माणसं पाहिली की बहुतेक अडचणी समोर येतात. घरच्या घरी तीन जण पाहिलेत तरी पुष्कळ हाती लागतं.

पायरी 7: अडचण अशी कळवा की कोणी तिला हात घालेल

गिम्पच्या तक्रारी नोम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गिटलॅबवर (तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर) जातात, इंकस्केपच्या गिटलॅब.कॉमवरच्या त्यांच्या इनबॉक्समध्ये, चित्रं रंगवायच्या क्रिटाच्या केडीई या प्रकल्पाच्या बगझिला या तक्रार-नोंदवहीत. आधी शोधा. तीच तक्रार असेल तर नवी न उघडता तिथेच आपलं निरीक्षण जोडा. भाषा इंग्रजी लागते, पण साधी वाक्यं पुरतात.

मथळ्यात मत नको, घटना हवी. ‘सिलेक्शन फार त्रासदायक आहे’ यावर कोणी काहीच करू शकत नाही. ‘सिलेक्शनची रेघ लपवलेली असताना ब्रश चालत नाही आणि कारण कुठेच दिसत नाही’ यावर काम सुरू करता येतं. खाली आवृत्ती आणि संगणकाची प्रणाली लिहा, मग कृती ओळीने:

1. नवीन चित्र उघडलं आणि कोपऱ्यात लहान सिलेक्शन केलं.
2. कंट्रोल+टी दाबलं. रेघ दिसेनाशी झाली.
3. चित्राच्या मध्यावर ब्रश फिरवला. काही उमटलं नाही आणि कोणताही निरोप आला नाही.

यानंतर वापरणाऱ्याला काय व्हायला हवं होतं ते एका वाक्यात, आणि तुम्ही पाहिलेल्या माणसांनी काय समजून काय केलं ते दोन-तीन वाक्यांत. नावं लिहू नका, ‘पहिल्यांदाच वापरणारी व्यक्ती’ एवढं पुरे. उपाय सुचवायचा तर शेवटी आणि वेगळा. ‘फोटोशॉपमध्ये असं आहे’ एवढंच कारण देऊ नका. तिथली रीत इथे का सोयीची ठरेल ते सांगा. एका तक्रारीत एकच अडचण ठेवा, पाच असतील तर पाच नोंदी करा.

उत्तर यायला महिने लागू शकतात. प्रश्न विचारला गेला तर लगेच उत्तर द्या, कारण माहिती न मिळाल्यामुळे नोंदी बंद होतात. दुरुस्ती झाल्याचं कळलं की चाचणीची आवृत्ती उतरवून तेच काम त्याच माणसाला पुन्हा द्या, आणि तो आता कुठे थांबला ते त्याच नोंदीखाली लिहा.